धडधाकट माणसांमधला गंभीर टोक्सोप्लाझ्मोसिस

टोक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या अंगात असावा असा अंदाज आहे, आणि बहुतेकांना तो कधी शिरला तेही कळत नाही, फार तर चार दिवस बारीक ताप, मानेत गाठी, बस. म्हणून त्याच्यामुळे होणाऱ्या टोक्सोप्लाझ्मोसिस या आजाराचं नाव निघालं की गरोदर बायका, एचआयव्हीचे नाहीतर किडनी बदललेले पेशंट एवढ्यांचीच काळजी केली जाते. पण इम्युनिटी ठणठणीत असलेल्या माणसालाही हा थेट आयसीयूत नेऊ शकतो किंवा डोळ्याची नजर घालवू शकतो.

सगळ्यात भयंकर रूप दिसलं ते ॲमेझॉनच्या जंगलपट्ट्यात. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातल्या डॉक्टरांनी २००२ साली असे १६ पेशंट नोंदवले, सगळे आधी निरोगी, आणि बहुतेकांच्या फुप्फुसांवर परिणाम झालेला. नंतर २००३ संपता संपता शेजारच्या सुरीनाममधल्या पाताम या छोट्याशा गावात साथच आली, ११ केसेस, त्यातल्या ८ जणांच्या एकाहून जास्त अवयवांना बाधा, एक मोठा माणूस दगावला आणि आईकडून लागण झालेली दोन बाळंही गेली. अशा पेशंटला आठवडेच्या आठवडे जोराचा ताप, वजन झरझर उतरणं, लिव्हरचे रिपोर्ट बिघडणं, धाप, कधी हृदयाला नाहीतर मेंदूला सूज, असं सगळं होतं आणि सुरुवातीला मलेरिया किंवा टायफॉइड समजून दिवस वाया जातात.

असं तिथेच का? युरोप-अमेरिकेत या परजीवीचे मोजकेच ठरलेले प्रकार फिरतात, टाइप एक, दोन, तीन. ॲमेझॉनमध्ये मात्र जॅग्वारसारख्या रानमांजरांमधून आणि जंगली प्राण्यांमधून फिरणारे वेगळेच, जनुकीयदृष्ट्या खूप मिसळलेले स्ट्रेन (उपप्रकार) आहेत, आणि माणसाचं शरीर त्यांना सरावलेलं नाही. अर्धकच्चं शिकारीचं मांस आणि न उकळलेलं नदीचं पाणी, लागण होण्याचे हे मुख्य रस्ते. म्हणजे नुसती इम्युनिटी बघून भागत नाही, कुठला स्ट्रेन आणि किती प्रमाणात पोटात गेला हेही बघावं लागतं.

डोळ्याच्या बाबतीत तर जंगलात जायचीही गरज नाही. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९९४-९५ मध्ये महापालिकेच्या पाण्यातून साथ आली, शंभर जणांना आजार असल्याचं निघालं आणि त्यातल्या साधारण वीस जणांच्या रेटिनाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) इजा होती. आपल्याकडे कोइंबतूरमध्ये २००४-०५ ला अडीचशेच्या आसपास लोक डोळ्यांची तक्रार घेऊन आले, तिथेही संशय नळाच्या पाण्यावरच होता. मांजराच्या विष्ठेतून पडणारी या परजीवीची अंडीसदृश ऊसिस्ट ओल्या मातीत वर्षभरही टिकतात आणि क्लोरीनने मरत नाहीत, पाणी उकळलं की मरतात. (घरातल्या मांजराला हाकलायची अजिबात गरज नाही, ते आयुष्यात बहुधा एकदाच, एक-दोन आठवडे ही ऊसिस्ट टाकतं आणि ती लागण करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून त्याचा ट्रे रोज साफ केला की बरंच काम होतं, फक्त गरोदर बाईने ते करू नये.)

डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणं, एका डोळ्याने धूसर दिसणं, उजेड सहन न होणं ही लक्षणं. तपासताना धुक्यातल्या हेडलाइटसारखा पांढुरका डाग रेटिनावर दिसतो. निदानाला आयजीएम-आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडीच्या तपासण्या, अडलं तर डोळ्यातल्या किंवा फुप्फुसातल्या द्रवाची पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी. उपचार म्हणजे पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि सोबत फोलिनिक ॲसिड, नाहीतर कोट्रायमोक्साझोल, आणि स्टेरॉइड लागलं तर या औषधांच्या जोडीनेच, नुसतं स्टेरॉइड दिलं तर रेटिनाची वाट लागू शकते, हे खरंच जपायला हवं. औषधं वेळेत सुरू झाली तर फुप्फुसांचे गंभीर पेशंटही बरे होतात. पण रेटिनात आणि स्नायूंत दडलेल्या सिस्ट (परजीवीच्या सुप्त पिशव्या) कुठल्याच औषधाने पूर्ण जात नाहीत, त्यामुळे डोळ्याचा आजार जुन्या डागाच्या कडेने वर्षांनंतरही पुन्हा उसळू शकतो.