रॉकेलच्या ज्योतीवर बर्फ

तळाशी रॉकेलची चपटी टाकी, तिच्यावर वात, वातीवर निळी ज्योत आणि त्याच कपाटाच्या वरच्या कप्प्यात बर्फ, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नाही. विसाव्या शतकात, वीज पोहोचलेली नव्हती अशा शेतघरांत आणि दूरच्या दवाखान्यांत रॉकेलवर किंवा गॅसवर चालणारे असे फ्रीज वर्षानुवर्षे काम करत राहिले. त्यांच्यात मोटर नव्हती, कॉम्प्रेसर नव्हता, फिरणारा एकही भाग नव्हता. मागच्या नळ्यांना कान लावला तर आत उकळणाऱ्या द्रवाची बारीक गुळगुळ तेवढी ऐकू येई.

उष्णतेतून गारवा निघतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. खरे तर कोणत्याही फ्रीजमध्ये गारवा येतो तो बाष्पीभवनातून. हातावर स्पिरिट टाकले की ते उडून जाताना त्वचेतली उष्णता घेऊन जाते, त्याच तत्त्वाने फ्रीजच्या आतल्या नळीत उकळणारा द्रव कप्प्यातली उष्णता शोषून घेतो. या जुन्या फ्रीजमधला द्रव म्हणजे अमोनिया. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो आणि उकळताना दर किलोमागे सुमारे १,३७० किलोज्यूल उष्णता घेतो. अडचण पुढे येते, कारण वायू झालेला अमोनिया पुन्हा द्रव करून परत आणल्याशिवाय फ्रीज अखंड चालणार नाही. विजेच्या फ्रीजमध्ये हे काम वायूला दाबणारा कॉम्प्रेसर करतो. इथे ते पाणी आणि ज्योत मिळून करतात.

अमोनियाची पाण्यात विरघळण्याची ओढ विलक्षण असते; थंड पाणी स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट अमोनिया वायू पिऊन टाकते आणि तेच पाणी तापवले की तो बाहेर सोडते. या शोषण्या-सोडण्याच्या जोरावर फ्रेंच संशोधक फेर्दिनां कारे यांनी १८५९ मध्ये बर्फ करण्याचे यंत्र उभे केले. मात्र त्यांच्या अखंड चालणाऱ्या यंत्रात एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब राखावा लागे, त्यामुळे द्रव ढकलायला पंप लागे. घरगुती वापरासाठी हा पंपच मोठा अडसर होता.

तो दूर केला स्टॉकहोमच्या तंत्रशिक्षण संस्थेतील बाल्टसार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी, १९२२ मध्ये. त्यांनी बंद नळ्यांमध्ये अमोनिया आणि पाण्याबरोबर हायड्रोजनही भरला, आणि माझ्या मते उष्णताशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांमध्ये या युक्तीची गणना व्हायला हवी. वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू आपला दाब स्वतंत्रपणे टाकतो आणि द्रव कोणत्या तापमानाला उकळेल हे त्याच्या स्वतःच्या वाफेच्या दाबावर ठरते. वर, खोलीतल्या हवेने निवणाऱ्या नळीत जवळजवळ शुद्ध अमोनिया असतो आणि वातावरणाच्या सुमारे पंधरा पट दाब असला की तो ४० अंशांच्या आसपासही द्रव होतो. हा द्रव घरंगळत कप्प्याभोवतीच्या नळीत आला की तिथे त्याला हायड्रोजन भेटतो. एकूण दाब तोच राहतो, पण त्यातला बहुतेक वाटा आता हायड्रोजनचा असल्यामुळे अमोनियाच्या वाट्याला वातावरणाच्या दोन-तीन पटच दाब येतो आणि तो उणे दहा-वीस अंशांना उकळू लागतो. ना झडप, ना पंप.

हायड्रोजनच निवडला तो दोन कारणांनी: तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि अतिशय हलका असतो. अमोनिया मिसळून जड झालेले मिश्रण आपोआप खाली उतरते, खाली पाणी अमोनिया शोषून घेते आणि मोकळा झालेला हायड्रोजन पुन्हा वर चढतो. अमोनिया प्यायलेले पाणी ज्योतीवरच्या बारीक नळीत उकळते, तेव्हा उठणारे बुडबुडे आपल्याबरोबर पाण्याचे छोटे छोटे घोट वर नेऊन टाकतात, म्हणजे पंपाचे कामही उकळीच करते.

या शोधाचे हक्क १९२५ मध्ये इलेक्ट्रोलक्सकडे गेले आणि पुढे अमेरिकेत सर्व्हेल कंपनीने असे फ्रीज मोठ्या प्रमाणावर बनवले. आइन्स्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनीही फिरते भाग नसलेला फ्रीज आखला होता. त्याचे अमेरिकी पेटंट १९३० चे आहे.

या साधेपणाची किंमत इंधनात मोजावी लागते. ज्योतीच्या उष्णतेतल्या दर एककामागे हा फ्रीज कप्प्यातून त्याचा साधारण पाव हिस्सा उष्णता बाहेर काढतो, तर कॉम्प्रेसरचा फ्रीज खर्च केलेल्या विजेच्या निदान दीड-दोन पट. तरीही जिथे वीजच नव्हती तिथे ही तुलना निरर्थक होती. लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागत, आणि त्यासाठी दिवसातून दोनदा तापमापी पाहून आरोग्य कर्मचारी वात हाताने वर-खाली करत.

या फ्रीजला निगा मात्र चोख लागते. वात सरळ कापलेली हवी, ज्योत निळी हवी. ती पिवळी पडली की धुराडे काजळीने भरते, गारवा घटतो आणि घरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. हा वायू जिवावर बेततो, म्हणून मोकळी हवा नसलेल्या खोलीत जुना फ्रीज पेटवू नये. फ्रीज समपातळीत नसला तर आतला द्रव भलत्याच जागी साचतो, उकळीची नळी कोरडी तापते आणि गंज रोखण्यासाठी घातलेल्या सोडियम क्रोमेटचे खडे तिच्यात अडकतात. जुने कारागीर मग ज्योत विझवून आख्खा फ्रीज उलटा करून ठेवत, म्हणजे द्रव पुन्हा सर्वत्र मिसळे, आणि पुष्कळदा तो खरोखरच परत चालू होई. मागच्या नळ्यांवर पिवळी भुकटी दिसली आणि अमोनियाचा उग्र वास आला, की मात्र नळीला छिद्र पडलेले असते आणि उलटापालट करून काही उपयोग नसतो.