डॅशबोर्डमधली खाच : गाडीत स्वतः टचस्क्रीन बसवण्यामागची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर नऊ-दहा इंची टचस्क्रीन दिसू लागल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच दुकानात न नेता घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मालकानेच पाना आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसवलेल्या असतात. बिघडलेला मोबाइल उघडायला न धजावणारा माणूस गाडीचा डॅशबोर्ड मात्र बिनदिक्कत उघडतो. त्याचे श्रेय स्क्रीनला कमी आणि स्क्रीन ज्या खाचेत बसते त्या खाचेला अधिक आहे. त्या खाचेचे माप आणि मागच्या वायरींचे रंग कोणी तरी, कधी तरी ठरवून ठेवले, म्हणून हे काम घरच्या माणसाच्या आवाक्यात आले. ते कसे ठरले हे ठाऊक असेल तर कुठे निर्धास्त राहावे आणि कुठे हात आखडता घ्यावा हे समजते.

गाडीतल्या रेडिओची सुरुवात अमेरिकेत झाली. शिकागोच्या गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने पहिला व्यापारी यश मिळवणारा कार रेडिओ विकायला काढला, आणि पुढे तेच नाव कंपनीला लागले. युरोपात ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये आपला पहिला कार रेडिओ आणला. हे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर, म्हणजे बल्बासारख्या नळ्यांवर चालत, व्हॉल्व्हना उच्च दाबाची वीज लागे, आणि गाडीच्या बॅटरीतून ती थेट मिळत नसे. म्हणून सुरुवातीला वेगळ्या बॅटऱ्या न्याव्या लागत. रेडिओचा मुख्य डबा एकीकडे, स्पीकर दुसरीकडे, एरियल तिसरीकडे अशी ती मांडणी असल्यामुळे घरी बसवण्याचा प्रश्नच नव्हता. १९५५ मध्ये फिल्को कंपनीने क्रायस्लरसाठी संपूर्ण ट्रान्झिस्टरचा कार रेडिओ बनवला, आणि त्यानंतर हा सगळा पसारा हळूहळू एका लहान डब्यात मावू लागला.

त्या पहिल्या पिढीची एक खूण अजून शिल्लक आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. आजही अनेक गाड्यांत स्टिरिओ बाहेर ओढला की मागे जाड, गोल, मधे एकच पिन असलेला एरियलचा प्लग लोंबताना दिसतो. त्याला अजूनही मोटोरोला प्लग म्हणतात. त्या काळातली जोडणी आजच्या अँड्रॉइड स्क्रीनच्या पाठीतही तशीच शिरते.

आपल्याकडे रेडिओ ऐकायला परवाना लागत असे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकात बंद झाली. तोवर फियाट आणि अँबॅसिडर या गाड्यांत रेडिओ असणे ही चैनीची गोष्ट होती. कित्येक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या आत नसून खाली पत्र्याच्या पट्ट्यांना टांगलेला असे, आणि त्याला दोन बाजूंना दोन गोल खुंट्या असत, एक आवाजाची आणि एक स्टेशनची. दक्षिण कोकणात त्यावर आकाशवाणीचे पणजी आणि रत्नागिरी केंद्र लागे. रत्नागिरीच्या ११४३ किलोहर्ट्‌झच्या मिडियम वेव्हचा एक गुण असा की, लांब लहरींमुळे ती डोंगराआडही बऱ्यापैकी पोचते, तर एफएमची लहर सरळ रेषेत जात असल्याने आंबा किंवा फोंडा घाटात दोन वळणांत तुटते. आजच्या अनेक स्वस्त स्क्रीनमध्ये मिडियम वेव्हचा रेडिओ कमजोर असतो, काहींत तो नसतोच. गावच्या बातम्या आणि भजने गाडीत ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ही गोष्ट घेण्यापूर्वी तपासलीच पाहिजे.

फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली कॅसेट १९६८ च्या सुमारास गाडीत शिरली आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तिचे राज्य सुरू झाले. गणपतीला मुंबईहून निघालेल्या गाडीत वाटभर डबलबारी भजनांच्या आणि दशावतारी नाटकांच्या कॅसेटी वाजत, आणि चिपळूणच्या पुढे कुठेतरी टेप फीत खाऊ लागला की हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवण्यासाठी गाडी थांबवावी लागे. आमच्या पिढीच्या तोंडी म्हणूनच स्टिरिओला अजूनही ‘टेप’ हाच शब्द येतो. याच काळात मारुती ८०० आली, डिसेंबर १९८३ मध्ये, आणि गाडी ही वस्तू शिक्षक, बँकेतला कारकून, आंब्याचा बागायतदार यांच्या दारात उभी राहू लागली. कॅसेटने आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे चार स्पीकर आणि डावा-उजवा असा वेगळा आवाज. वायरींचा गुंता खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला.

सगळ्या प्रकरणाचे मूळ ज्यात आहे तो टप्पा १९८४ चा. जर्मनीच्या मानक संस्थेने, म्हणजे ‘डिन’ने, कार रेडिओच्या खाचेचे माप ठरवले होते, तेच १९८४ मध्ये आयएसओ ७७३६ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाले. डॅशबोर्डमधली खाच १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच. एवढेच. पण या दोन आकड्यांमुळे गाडी बनवणारा आणि स्टिरिओ बनवणारा हे दोघे एकमेकांना न विचारता काम करू लागले. जपानी कंपन्यांनी साधारण दुप्पट उंचीची खाच रूढ केली, तीच आपल्याकडची ‘डबल डिन’. पुढे आयएसओ १०४८७ या मानकाने मागचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, ठरवले : आठ पिनांचा एक विजेसाठी, आठ पिनांचा दुसरा स्पीकरसाठी. वायरींचे रंगही सुट्या स्टिरिओंच्या बाजारात जवळपास सारखे झाले. पिवळी म्हणजे बॅटरीतून थेट, चावी काढली तरी चालू, घड्याळ आणि स्टिरिओच्या सेटिंगची आठवण जपणारी. लाल म्हणजे चावीबरोबर येणारी. काळी म्हणजे अर्थ, गाडीच्या पत्र्याला जाणारी. पांढरी आणि करडी पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची, आणि प्रत्येकीच्या जोडीला काळ्या रेघेची तिची दुसरी वायर.

नव्वदच्या दशकाअखेर आलेल्या सँट्रो, इंडिका अशा गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्या अनेकदा स्टिरिओशिवायच विकल्या जात आणि खाचेवर नुसते प्लास्टिकचे झाकण असे. ती रिकामी खाच हे एक प्रकारे मालकाला दिलेले आमंत्रणच होते. मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातून आणि लॅमिंग्टन रोडवरून स्टिरिओ आणि स्पीकर घेऊन गावी यायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीत भावाभावांनी मिळून बसवायचे, ही रीत तेव्हापासूनची.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण ती इतिहासातूनच आली आहे. जुन्या टेपांत दोन्ही स्पीकरची एकेक वायर गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेली असे. एक वायर वाचत असे आणि काम चालत असे. आजच्या स्टिरिओंमधला अँप्लिफायर स्पीकरच्या दोन्ही टोकांना सिग्नल देतो, त्यामुळे त्यातली कोणतीही वायर पत्र्याला टेकली की अँप्लिफायरचा आयसी, म्हणजे त्याची मुख्य चिप, जळू शकतो. पंचवीस वर्षांच्या गाडीत जुन्याच वायरिंगवर नवी स्क्रीन लावणाऱ्याने स्पीकरच्या वायरी शेवटपर्यंत तपासल्याशिवाय चालू करू नये.

स्क्रीनचा स्वतःचा इतिहास याहून वेगळ्या वाटेने आला. १९८६ च्या ब्यूइक रिव्हिएरा या अमेरिकन गाडीत पहिल्यांदा बोटाने चालणारा पडदा बसवला गेला, तोही जुन्या टीव्हीसारखा नळीचा. जपानमध्ये १९९० मध्ये पायोनिअरने उपग्रहाच्या मदतीने वाट दाखवणारे यंत्र सुट्या विक्रीला आणले. पण सामान्य गाडीवाल्याचे चित्र बदलले ते मोबाइलमुळे. अ‍ॅपलचे कारप्ले २०१४ मध्ये आणि गूगलचे अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये आले. नकाशा, फोन आणि गाणी मोबाइलमध्येच राहिली आणि डॅशबोर्डवरची स्क्रीन त्याचा आरसा झाली. त्याच सुमारास चिनी कारखान्यांनी स्वतःच अँड्रॉइडवर चालणारी युनिटे स्वस्तात बनवायला घेतली, आणि प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डच्या आकाराची वेगळी प्लास्टिकची फ्रेम आणि त्या गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारी तयार वायर सोबत मिळू लागली. मूळ वायरिंग न कापता स्क्रीन बसवता येणे, ही माझ्या मते या सगळ्या प्रवासातली दुसरी मोठी सोय. तरीही आमच्याकडे घाटात नेटवर्क जाते आणि नकाशा जागीच थिजतो, म्हणून निघण्यापूर्वी जिल्ह्याचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला बरा.

हँडब्रेकच्या वायरीबद्दल मला तीव्रपणे वाटते. हँडब्रेक ओढल्याशिवाय चित्रफीत दिसू नये म्हणून ती वायर दिलेली असते, आणि अनेक जण ती सरळ अर्थला जोडून टाकतात, म्हणजे गाडी चालतानाही चित्रफीत दिसते. महामार्गावर पावसाळ्यात किती अपघात होतात हे पाहणाऱ्या कोकणी माणसाने तरी ते करू नये.

आमच्या भागात काम बिघडवतो तो जोड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि समुद्राची खारी हवा उघड्या तांब्याला सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या वॅगन आरचा जुना स्टिरिओ मी काढला, तेव्हा शेजारचे वयस्क वायरमन खळ्यातल्या खुर्चीवर बसून पाहत होते. मी चावी फिरवून बंद केली आणि फ्रेमला हात घातला, तसे ते म्हणाले, “पयल्यान बॅटरीची निगेटिव काढ, मगे काय ता बघ.” दहाच्या पान्याने टर्मिनल सैल केले आणि मग फ्रेमच्या क्लिपा सोडवल्या. मागे आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून करून घेतलेले काम होते : कपलर कापून टाकलेला, वायरी हाताने पिळून जोडलेल्या आणि त्यांवर काळी टेप गुंडाळलेली. उन्हाने टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटत होता, आणि ती सोलली तेव्हा आतले तांबे हिरवे पडून बोटाच्या दाबाने पिठासारखे झडले. स्टिरिओ मधेच बंद पडतो ही माझी तक्रार तीन वर्षांची होती आणि तिचे कारण त्या अर्ध्या इंचात होते. हिरवा भाग कापून मी नव्या वायरी सोल्डर केल्या, प्रत्येक जोडावर गरम करून आवळणारी नळी चढवली, आणि पिवळ्या वायरीवर युनिटबरोबर आलेला फ्यूज तसाच ठेवला. वायरमनकाकांनी मल्टीमीटरने प्रत्येक स्पीकरची वायर पत्र्याशी तपासून पाहिली आणि मगच निगेटिव्ह लावू दिली.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाडीत स्क्रीन बसवायची असेल तर आधी डॅशबोर्डखालचे कपलर एकेक उघडून पाहावेत. गाळाचे पाणी वाळले तरी पिनांवरचा थर राहतो आणि नवी स्क्रीन त्याच पिनांतून वीज घेणार असते.

नव्या गाड्यांत हा सगळा हिशेब बदलला आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आणि काही गाड्यांत त्यांची सूचना मूळ स्क्रीनवरच येते. एसी, गाडीची सेटिंग, स्टीअरिंगवरची बटणे हे सगळे बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या ‘कॅन’ या दोन वायरींच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलते. अशा गाडीतून मूळ स्क्रीन काढायची तर ती भाषा समजणारी वेगळी डबी मधे लावावी लागते आणि तीही त्या गाडीसाठीच बनलेली असावी लागते. काहींच्या डॅशबोर्डमध्ये तर १८२ बाय ५३ ची खाच उरलेलीच नाही. पण मुंबई-पुण्याहून वापरून गावाकडे येणाऱ्या दहा-पंधरा वर्षांच्या गाड्यांत ती अजून आहे, आणि येत्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या आणखी दोन गाड्यांच्या फ्रेमा खळ्यात उतरणार आहेत. वायरमनकाकांनी त्यासाठी मल्टीमीटरचा सेल बदलून ठेवला आहे.