तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम

उतागावा हिरोशिगे (1797–1858) या जपानी चित्रकाराची लाकडी ठशांनी छापलेली प्रसिद्ध चित्रमाला. एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो हा सुमारे 490 किमी.चा तोकाइदो रस्ता तिचा विषय. वाटेतले 53 मुक्काम आणि दोन टोके मिळून तिच्यात 55 चित्रे आहेत. ताकेनोउची मागोहाची या प्रकाशकाने काढलेली, ‘होएइदो आवृत्ती’ म्हणून ओळखली जाणारी ही माला 1833–34च्या सुमाराची.

शोगुनच्या (जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या) नियमानुसार सरदारांना आलटूनपालटून एदोत राहावे लागे. त्यामुळे या रस्त्यावर त्यांच्या लवाजम्यांची सतत ये-जा असे. सामान्यांना प्रवासासाठी परवाना लागे आणि इसेच्या तीर्थयात्रेचे कारण सहसा मान्य होई. हाकोने येथे तपासणी नाका होता. ओइ नदीवर शोगुनशाहीने पूल होऊ दिला नव्हता. हमाल प्रवाशांना खांद्यावर घेऊन पाण्यातून पलीकडे नेत.

निसर्गचित्रे म्हणून ही माला नावाजली जाते, पण तिचा खरा नायक पायी चालणारा माणूस आहे. ‘शोनो’ या मुक्कामाच्या चित्रात अचानक आलेल्या सरींत भोई पालखी घेऊन चढण चढताहेत, मागे बांबूचे बन वाऱ्याने वाकले आहे. ‘योक्काइची’त एकजण उडालेल्या टोपीमागे धावतो. ‘मारिको’त दोघे चहाच्या टपरीवर खायला बसलेत. ‘गोयु’त खाणावळीच्या बायका वाटसरूंना अक्षरशः ओढून आत नेतात, तिथल्या पाट्यांवर ठसे कोरणारा आणि छपाई करणारा यांचीही नावे आहेत. हा मान रास्तच, कारण चित्रकार फक्त रेखाटन देई. चेरीच्या लाकडावर प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा कोरला जाई. आकाशातली गडद निळ्यापासून फिकट होत जाणारी छटा छपाईकार ठशावरचा रंग हाताने पुसत दरवेळी नव्याने साधत असे. म्हणूनच एकाच चित्राच्या दोन प्रतींत पहाट आणि संध्याकाळ इतका फरक पडू शकतो.

1832 मध्ये हिरोशिगे शोगुनच्या पथकाबरोबर हा रस्ता चालला, असे परंपरा सांगते. अभ्यासकांना ते सरसकट मान्य नाही. काही दृश्ये 1797च्या एका सचित्र प्रवासवर्णनावरून घेतलेली दिसतात. ‘काम्बारा’तले दाट बर्फही त्या उबदार किनारपट्टीला साजेसे नाही. तरीही पाठीला बाक काढून, मुकाट चालणारी त्यातली तीन माणसे पाहताना थंडी जाणवते, आणि चित्राची कसोटी तीच.

मालेला मोठे यश मिळाले. पुढे हिरोशिगेने तोकाइदोवर आणखी अनेक माला केल्या, आणि डोंगरातून जाणाऱ्या किसो रस्त्याच्या मालेत केइसाइ एइसेन या चित्रकाराबरोबर कामही केले.