सिग्मा ऑक्टॅन्टिस

दक्षिण खगोलीय ध्रुवाजवळचा (आकाशातल्या ज्या बिंदूकडे पृथ्वीच्या अक्षाचे दक्षिण टोक रोखलेले असते, त्या ध्रुवबिंदूजवळचा), ऑक्टॅन्स तारकासमूहातील मंद तारा. नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणाऱ्या ताऱ्यांपैकी ध्रुवबिंदूच्या सर्वांत जवळ हाच असल्याने त्याला दक्षिण ध्रुवतारा किंवा पोलारिस ऑस्ट्रॅलिस म्हणतात. त्याची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा फिका) ५.४७ आहे. आपल्या ध्रुवताऱ्याची प्रत सुमारे २, म्हणजे ध्रुव याच्यापेक्षा जवळजवळ २५ पट तेजस्वी दिसतो. ध्रुव पाहून दिशा ठरवायची सवय असलेल्याने दक्षिण गोलार्धात तशाच ताऱ्याची अपेक्षा ठेवली तर निराशा होते. चांदणे असले किंवा जवळपास गावातले दिवे असले, की सिग्मा ऑक्टॅन्टिस दिसतच नाही.

महाराष्ट्रातून तर तो कधीच उगवत नाही. एखाद्या ठिकाणाहून ध्रुव जेवढे अंश वर दिसतो, तेवढेच अंश दक्षिण ध्रुवबिंदू क्षितिजाखाली असतो. नाशिकचे अक्षांश २० उत्तर, मॉरिशसचे सुमारे २० दक्षिण. त्यामुळे नाशिककर ध्रुव ज्या उंचीवर पाहतो, साधारण त्याच उंचीवर, पण दक्षिणेकडे, मॉरिशसमधल्या मराठी माणसाला हा तारा शोधावा लागतो. शोधण्याची खूण मात्र आपल्या ओळखीची आहे. मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडे दक्षिण क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू हा क्रूसाच्या आकाराचा तारकासमूह तिकडे उंच असतो. त्याचा लांब दांडा खालच्या टोकाकडून साडेचार पट वाढवला, की ध्रुवबिंदूच्या आसपास नजर पोचते.

दुर्बिणीने छायाचित्रण करणाऱ्या हौशी निरीक्षकांना या ताऱ्याची खरी गरज भासते. दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवण्यासाठी ते ध्रुवशोधक नळीतून चार ताऱ्यांचा एक तिरका चौकोन हुडकतात : सिग्मा, टाऊ, काय आणि अप्सिलॉन ऑक्टॅन्टिस. चौघेही जवळपास सारखेच फिके. काचेवर कोरलेल्या ठिपक्यांवर ते चारही बसेपर्यंत माउंटचे, म्हणजे दुर्बिणीच्या बैठकीचे, स्क्रू अगदी केसभर फिरवत राहायचे. उत्तरेत हेच काम एकट्या ध्रुवावर क्षणात होते.

सिग्मा फिका दिसतो तो अंतरामुळे, अंगच्या तेजात तो कमी नाही. तो आपल्यापासून ३०० प्रकाशवर्षांच्या थोडा आत आहे. त्याचे तेज सूर्याच्या सुमारे ४४ पट, त्रिज्या साधारण चौपट आणि पृष्ठभागाचे तापमान सुमारे ७,४०० केल्विन (सूर्याचे ५,७७२) आहे. वर्णपटावरून त्याचा वर्ग एफ ०, राक्षसी तारा, असा ठरतो. म्हणजे गाभ्यातला हायड्रोजन जाळत स्थिर राहण्याचा मोठा टप्पा मागे टाकून तो फुगू लागला आहे. ताऱ्यांच्या आयुष्यात हा संक्रमणाचा काळ तुलनेने छोटा असतो. पुढे तो आणखी फुगून थंड व तांबूस होईल.

तो रूपविकारीही आहे. डेल्टा स्क्युटी प्रकारच्या ताऱ्यांप्रमाणे त्याचे तेज सुमारे २.३ तासांच्या आवर्तनाने किंचित कमीजास्त होते. फरक ०.०३ प्रतीचा, म्हणजे तीनेक टक्क्यांचा, त्यामुळे तो डोळ्यांना कळत नाही. कारण ताऱ्याच्या आतल्या हेलियमच्या थरात आहे. हा थर दाबला गेला की अपारदर्शक होतो आणि खालून येणारा प्रकाश अडवतो. अडलेली उष्णता वरचे थर बाहेर ढकलते. ते प्रसरण पावून थंड झाले की थर पुन्हा पारदर्शक होतो, उष्णता निसटते आणि सगळे परत खाली बसते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उचलले जाते आणि वाफ गेली की बसते, तसेच हे. विशेष म्हणजे उत्तरेचा ध्रुवही याच यंत्रणेने स्पंदन पावतो, फक्त त्याचे आवर्तन सुमारे चार दिवसांचे असते. दोन्ही ध्रुवांवर स्पंदन करणारे तारे असावेत हा निव्वळ योगायोग, पण मोठा सुंदर योगायोग आहे.

ध्रुवपद त्याच्याकडे कायमचे नाही. परांचन गतीमुळे पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी मारतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिग्मा ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशावर होता, आता एक अंशाहून थोडा दूर गेला आहे. रोज तो ध्रुवबिंदूभोवती जे वर्तुळ काढतो त्याची रुंदी चार पूर्णचंद्र शेजारी शेजारी ठेवण्याइतकी आहे. इ.स. ९००० च्या सुमारास डेल्टा व्हेलोरम हा बराच तेजस्वी तारा दक्षिण ध्रुवबिंदूजवळ येईल.

ऑक्टॅन्स हा तारकासमूह फ्रेंच खगोलज्ञ निकोला लुई द लाकाय यांनी कल्पिला. १७५१-५२ मध्ये त्यांनी केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाचे निरीक्षण केले आणि रिकाम्या जागांना उपकरणांची नावे दिली. ऑक्टन्ट हे खलाशांचे कोन मोजण्याचे साधन, त्याचा कंस वर्तुळाच्या आठव्या भागाएवढा. जॉन हॅडली यांनी ते १७३१ मध्ये मांडले. आज सिग्माचा जो प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो, तो साधारण त्याच काळात तिथून निघालेला आहे.

ब्राझीलच्या राष्ट्रध्वजावर १५ नोव्हेंबर १८८९ च्या सकाळचे रिओ दी जानेरोवरचे आकाश आहे. त्यावरील २७ ताऱ्यांत सर्वांत खालचा, सर्वांत लहान तारा सिग्मा ऑक्टॅन्टिस. बाकीचे तारे त्याच्याभोवती फिरतात, म्हणून तो राजधानीच्या संघीय जिल्ह्यासाठी निवडला गेला.