विंडोज पुन्हा टाकताना प्रॉडक्ट की लागते का?

‘प्रॉडक्ट की हरवली, म्हणजे विंडोज पुन्हा टाकता येणार नाही, नवीन विकत घ्यावी लागेल.’ हा समज एक्सपी-सेव्हनच्या काळातला. तेव्हा स्टिकरवरची २५ अक्षरं खरोखर जपावी लागत.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून मोठ्या कंपन्या ही की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) साठवू लागल्या. इन्स्टॉलर ती तिथून स्वतः वाचतो. २०१५ च्या विंडोज १० पासून डिजिटल लायसन्स आलं. एकदा ॲक्टिव्हेट झालेल्या मशीनची हार्डवेअर-ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते. डिस्क पूर्ण पुसली तरी चालतं. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, इंटरनेट जोडल्यावर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं.

मात्र आवृत्ती (होम किंवा प्रो) तीच हवी. होमच्या लायसन्सवर प्रो टाकलंत तर अडेल, आणि अनेक लोक इथेच फसून ‘की गेली’ म्हणतात. मदरबोर्ड बदलणार असाल तर आधी लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र सहसा नव्या बोर्डावर जात नाही.

कृपया कुणाच्या सांगण्यावरून क्रॅक (लायसन्सची तपासणी चुकवणारं बेकायदा सॉफ्टवेअर) वापरू नका. त्यातून मालवेअर शिरतं, आणि लायसन्स तुमच्याकडे बहुधा आधीच असतं. सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून आजच पाहा.