बुद्धजन्मचित्रण

बौद्ध लेणी, विहार व मंदिरे यांच्या भिंतींवर, तसेच तेथे टांगल्या जाणाऱ्या पटांवर रंगविलेला गौतम बुद्धांच्या जन्माचा प्रसंग. लुंबिनी वनात झाडाची फांदी धरून उभी असलेली मायादेवी, तिच्या उजव्या कुशीतून प्रकट होणारे बालक व ते झेलणारे देव हा त्याचा गाभा होय. नवजात बालकाने टाकलेली सात पावले आणि त्याचे पहिले स्नान हे प्रसंग बहुधा त्याला जोडून येतात.

झाड कोणते, याविषयी ग्रंथांत एकवाक्यता नाही. पाली निदानकथेत (जातककथांच्या प्रस्तावनेत) शाल, ललितविस्तर या संस्कृत बुद्धचरित्रात प्लक्ष (पिंपरी), तर चिनी यात्रेकरू ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनात अशोक येतो. चित्रातील पानांवरून आधारग्रंथ ठरविण्याचा मोह म्हणूनच आवरावा. रंगाऱ्यापुढे पोथीपेक्षा शालभंजिकेचा (झाडाची फांदी धरून उभ्या स्त्रीच्या शिल्पप्रकाराचा) रूढ साचा असण्याचा संभव अधिक. बालक झेलणारे कोण, ही आधारग्रंथ ओळखण्याची खूण त्यामानाने भरवशाची आहे : निदानकथेत चार महाब्रह्मे सोन्याचे जाळे धरतात, ललितविस्तरात इंद्र व ब्रह्मा दिव्य वस्त्र घेऊन पुढे होतात.

या प्रसंगाचे सर्वांत जुने रूप कोणते, हा वादाचा मुद्दा आहे. सांची येथील, दोन हत्ती जलाभिषेक करीत असलेली कमलस्थ स्त्री म्हणजे मायादेवी, असे फ्रेंच विद्वान आल्फ्रेड फूशे यांनी मांडले. कलाइतिहासकार आनंद कुमारस्वामी यांनी ती श्रीलक्ष्मी मानली. तेथे बालक नाही आणि हीच प्रतिमा बौद्धेतर कलेतही आढळते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमरावतीच्या शिल्पांत मात्र शंकेला जागा उरत नाही. बालकाऐवजी, त्याची खूण म्हणून, देवांच्या हातांतील वस्त्रावर पावले कोरलेली आहेत.

चित्रांपुरते बोलायचे तर अजिंठ्याचे लेणे क्र. २ महत्त्वाचे. मंडपाच्या डाव्या भिंतीवर मायादेवीचे स्वप्न, त्याचा अर्थ सांगणारा ब्राह्मण आणि जन्म असा क्रम आहे. बालक इंद्राच्या हाती दिसते. हे लेणे पूर्वी सहाव्या शतकातील समजत. अमेरिकन कलाइतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी ते वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळाशी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडले. हा कालक्रम आता बराच मान्य असला, तरी त्यातील वर्षावर्षाचा हिशेब सर्वांना पटलेला नाही.

चीनमधील दुनह्वांगच्या रेशमी पताकांवर बालक कुशीऐवजी मातेच्या रुंद बाहीतून बाहेर येते. म्यानमारमधील पगानच्या परंपरेत बहीण प्रजापती मायादेवीला आधार देते. तिबेटी पटांत जन्म हे बुद्धांच्या बारा कृत्यांपैकी (चरित्रातील प्रमुख घटनांपैकी) एक असते. आधुनिक काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी १९३२–३६ दरम्यान रंगविलेल्या बुद्धचरित्रात हा प्रसंग आहे.