'सिंकिंग फंड' : ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जावरील वादाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मासिक बिलावर देखभाल खर्च आणि पाणीपट्टी यांच्या जोडीला 'सिंकिंग फंड' अशी एक ओळ असते. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाव टक्का या हिशेबाने सभासदांकडून घेतला जाणारा हा पैसा, इमारत थकल्यावर तिच्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी साठवला जातो. अठराव्या शतकातील ब्रिटनमध्ये हाच शब्द राष्ट्रीय कर्जाच्या संदर्भात रुळला. तेथे त्याच्यावरून जवळपास शंभर वर्षे वाद झाला, आणि त्या वादात कर, व्यापार, युद्ध व सावकारी हे सारेच विषय ओढले गेले.

प्रथम शब्दाकडे पाहणे आवश्यक आहे, कारण मराठीत तो सहज चकवतो. आपल्याकडे 'बुडीत कर्ज' म्हणजे वसूल न होणारे कर्ज. त्यामुळे सिंकिंग फंडाला कोणी 'बुडीत निधी' म्हटले तर अर्थ नेमका उलटा होईल. मूळ प्रयोगात बुडायचे असते ते कर्ज, तेही विहिरीचे पाणी उपशाने हळूहळू खाली जावे तसे. म्हणजे हा कर्ज ओसरवणारा निधी होय. गृहनिर्माण संस्थेचा निधी मात्र फेडण्यासाठी नसून साठवण्यासाठी आहे. तो सभासदांच्या खिशातून येतो आणि तेवढ्याच रकमेचे नवे कर्ज कोणी काढलेले नसते. हा फरक किरकोळ वाटेल, पण ब्रिटनमधील वादाची गाठ तेथेच आहे.

१६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडची स्थापना सरकारला ८ टक्क्यांनी १२ लाख पौंड कर्ज देण्याच्या बोलीवर झाली, तेव्हापासून युद्धाचा खर्च कर्जातून आणि कर्जाचे व्याज करांतून भागवण्याची पद्धत पक्की होत गेली. १७१७ मध्ये जुन्या कर्जांचा व्याजदर ६ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला आणि वाचलेल्या रकमेतून पहिला सिंकिंग फंड उभा राहिला. तो फक्त मुद्दल फेडण्यासाठीच वापरला जाईल, असे संसदेने जाहीर केले होते. सोळाच वर्षांत तो शब्द मोडला. जमिनीवरचा कर पौंडामागे एक शिलिंग (पौंडाचा विसावा भाग) इतकाच राहावा म्हणून १७३३ मध्ये निधीतून ५ लाख पौंड उचलण्यात आले. संसदेत बसणारे बहुतेक जमीनदारच होते, त्यामुळे या सवलतीचा लाभ कोणाला झाला हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी वाइन व तंबाखू यांवर अंतर्गत उत्पादन शुल्क बसवण्याची योजना लोकांच्या प्रचंड विरोधामुळे मागे घ्यावी लागली. कराचा बोजा जमिनीवर की उपभोगाच्या वस्तूंवर, हा प्रश्न तेव्हापासून निधीच्या प्रश्नाशी जोडलेला राहिला.

पुढचे टप्पे परिचित आहेत, म्हणून येथे आकडेच पुरेत. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धाने कर्ज सुमारे साडेसात कोटींवरून १३ कोटी पौंडांच्या पुढे नेले. त्याचा भार अमेरिकेतील वसाहतींनीही उचलावा म्हणून १७६५ मध्ये मुद्रांक कर लादला गेला आणि वर्षभरात रद्द झाला. अखेर त्या वसाहती गमावताना कर्ज २३ कोटी पौंडांच्या घरात गेले. इतके कर्ज असलेले राज्य दिवाळखोर ठरणार, असे त्या काळी अनेक विचारी माणसांना प्रामाणिकपणे वाटत होते.

त्या भयाच्या वातावरणात वेल्समध्ये जन्मलेल्या एका धर्मोपदेशकाच्या गणिताने लोकांना भुरळ घातली. वर्षासने (दरसाल मिळणाऱ्या ठरीव रकमा) आणि आयुर्विमा यांच्या हिशेबाचे ते मान्यवर जाणकार होते. येशूच्या जन्माच्या दिवशी एक पेनी ५ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवली असती, तर त्यांच्या काळापर्यंत तिचे इतके सोने झाले असते की १५ कोटी भरीव सुवर्ण-पृथ्व्यांमध्येही ते मावले नसते. सरळ व्याजाने ठेवली असती तर मात्र जेमतेम सात शिलिंग साडेचार पेन्स हाती आले असते. गणितात चूक नव्हती. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की राज्याने थोडी रक्कम बाजूला काढून तिला चक्रवाढीने वाढू द्यावे आणि युद्धातही तिला हात लावू नये. मग त्यासाठी कर्ज काढावे लागले तरी हरकत नाही, कारण राज्य कर्ज घेते ते सरळ व्याजाने आणि निधी वाढतो तो चक्रवाढीने.

१७८६ चा कायदा या विचाराच्या छायेत आला. त्याच्या दोन वर्षे आधी चहावरील ११९ टक्क्यांपर्यंत चढलेली जकात साडेबारा टक्क्यांवर आणली गेली होती आणि तूट भरून काढण्यासाठी खिडक्यांवरचा कर वाढवला होता. चोरटा व्यापार घटला, महसुलाची घडी बसू लागली. सालिना ९ लाख पौंड शिल्लक राहील असा अंदाज एका संसदीय समितीने दिला, उरलेले एक लाख नव्या करांतून काढायचे ठरले, आणि दरवर्षी १० लाख पौंड, म्हणजे दर तिमाहीला अडीच लाख, सहा आयुक्तांच्या हाती सोपवण्यात आले. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष, अर्थमंत्री, दोन वरिष्ठ न्यायिक अधिकारी आणि बँकेचे गव्हर्नर व उपगव्हर्नर असे ते सहा जण. पुन्हा १७३३ होऊ नये, मंत्र्याचा हात पैशापर्यंत पोहोचू नये, हा या रचनेचा हेतू होता आणि तो स्तुत्यच म्हटला पाहिजे.

काम कसे चाले ते नीट समजून घ्यावे. आयुक्त बाजारात जाऊन सरकारी रोखे विकत घेत, पण घेतलेले रोखे रद्द करीत नसत. ते आयुक्तांच्याच नावे वहीत राहत आणि सरकारी तिजोरी इतर कोणत्याही धनकोला द्यावे तसे त्यांना त्यांचे व्याज देई. त्या व्याजातून आणखी रोखे घेतले जात. यालाच चक्रवाढ म्हणत. परंतु ते व्याज कोठून येत होते? करांतून. आयुक्तांनी रोखे फाडून टाकले असते तर तेवढेच व्याज वाचले असते आणि त्याच रकमेने आणखी रोखे घेता आले असते. निधीत पैसा आपोआप वाढत नव्हता. करदाता दरवर्षी तो भरत होता आणि वहीतली मांडणी तेवढी वेगळी होती. त्या पेनीला व्याज देणारा कोणी तिऱ्हाईत हवा होता. राज्य स्वतःच स्वतःचे धनको झाले की तो तिऱ्हाईत उरत नाही.

शांततेच्या काळात याने नुकसान नव्हते, कारण खरी शिल्लक होती. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध पेटले आणि शिल्लक संपली, तरी निधी चालूच राहिला. उलट १७९२ च्या कायद्याने प्रत्येक नव्या कर्जासोबत त्याच्या दर्शनी रकमेच्या एक टक्का इतकी सोय त्याच्या फेडीसाठी करणे बंधनकारक झाले होते. म्हणजे सरकार एका दाराने कर्ज काढत होते आणि त्याच पैशाने दुसऱ्या दारातून जुने रोखे विकत घेत होते. ऋण काढून सण करू नये असे आपण म्हणतो. येथे ऋण काढून ऋण फेडले जात होते आणि त्याला बचत म्हटले जात होते.

याहून महाग पडला तो कर्ज कोणत्या रूपात काढायचे याचा निर्णय. त्याची चर्चा फार कमी होते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. सरकारने युद्धाचे बहुतांश कर्ज ३ टक्क्यांच्या रोख्यांत काढले. युद्धाच्या वाईट दिवसांत या १०० पौंडांच्या रोख्याचा बाजारभाव ५० च्याही खाली गेला होता. समजा भाव ५० आहे. मग हाती रोख १०० पौंड येण्यासाठी २०० पौंडांचे रोखे लिहून द्यावे लागतात. व्याज ६ पौंड पडते, पण वहीत मुद्दल दुप्पट नोंदले जाते. युद्ध संपून भाव ८० झाला की तेच रोखे परत घ्यायला १६० पौंड लागतात. १८२४ मध्ये तर भाव ९० च्या पुढे गेला होता. त्याऐवजी कर्ज ५ टक्क्यांच्या रोख्यांत, दर्शनी किमतीच्या आसपास काढले असते, तर तेव्हा व्याज कदाचित थोडे जास्त पडले असते, पण शांततेत ते खाली आणता आले असते. ५ टक्क्यांचे जे रोखे होते ते १८२२ मध्ये खरोखरच ४ टक्क्यांवर आणले गेले. ३ टक्क्यांच्या रोख्यांवर ही वाट कित्येक पिढ्या बंद राहिली. बाजाराला ३ टक्क्यांचे रोखे हवे होते, कारण त्यांत भाववाढीची आशा होती, आणि युद्धात पैशाची निकड असलेल्या सरकारला बाजाराचे ऐकावे लागले, हा बचाव खरा आहे. तरीही त्या सोयीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

१८१३ मध्ये अर्थमंत्र्यांनी सभागृहाला सांगितले, की १७८६ मध्ये अस्तित्वात असलेले सुमारे २३ कोटी ८० लाख पौंडांचे कर्ज आता आयुक्तांच्या ताब्यात आले आहे, म्हणजेच फिटले आहे. त्या वेळी राज्याचे न फिटलेले कर्ज ६० कोटी पौंडांच्या पुढे होते. त्याच वर्षी अ‍ॅबरडीनच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी कर्जाचा संपूर्ण हिशेब मांडून दाखवले, की खर्चापेक्षा जास्त असलेला महसूल एवढाच काय तो खरा सिंकिंग फंड. हे एक वाक्य लिहिले जायला सत्तावीस वर्षे लागली होती.

निधीचे समर्थक सगळेच भाबडे होते असे मात्र नाही. आयुक्तांच्या रूपाने बाजारात एक नित्याचा खरेदीदार असल्यामुळे धनको निर्धास्त राहत, आणि प्रत्येक कर्जासोबत फेडीची सोय करण्याच्या सक्तीमुळे नवे कर लावणे भाग पडे. १७९९ पासून उत्पन्नावर कर आला. २०० पौंडांवरील उत्पन्नाला तो १० टक्के होता आणि ६० पौंडांखालच्यांना माफ होता. युद्धाचा खर्च युद्ध चालू असतानाच करांतून काढण्याचा हा धाडसी प्रयत्न होता आणि माझ्या मते कर्ज आटोक्यात ठेवण्यात निधीपेक्षा त्याचा वाटा कितीतरी मोठा आहे.

म्हणूनच १८१६ चा निर्णय खटकतो. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर, कर्जाचा डोंगर तसाच उभा असताना, सभागृहाने २३८ विरुद्ध २०१ मतांनी उत्पन्नावरील कर काढून टाकला आणि त्याची कागदपत्रे नष्ट करण्याचाही आदेश दिला. सरकारला तो कर ठेवायचा होता. जमीनदार आणि व्यापारी सभासदांनी तो पाडला. आदल्याच वर्षी त्याच सभागृहाने क्वार्टरमागे (क्वार्टर हे धान्याचे जुने इंग्रजी माप) ८० शिलिंग भाव होईपर्यंत परदेशी गव्हाला बाजार बंद केला होता. सरकारच्या खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाच्या व्याजात जात होती आणि ते व्याज आता माल्ट, साखर, चहा, साबण, मेणबत्त्या, मीठ यांवरील करांतून, म्हणजे मजुराच्या घरखर्चातून, रोखेधारकांकडे जाऊ लागले. अशा स्थितीत निधीत कर्जाऊ रक्कम ओतत राहणे कोणालाच समर्थनीय वाटेना. १८२८ च्या संसदीय समितीनंतर १८२९ मध्ये कायदा झाला आणि प्रत्यक्ष शिल्लक असेल तेवढीच रक्कम फेडीला वापरायची असे ठरले. उत्पन्नावरील कर १८४२ मध्ये पौंडामागे ७ पेन्स दराने परत आला आणि त्याच्या आधाराने १८४६ मध्ये परदेशी धान्य अडवणारे ते कायदे रद्द करता आले.

चक्रवाढीची कल्पना मात्र मेली नव्हती. ती भारताच्या हिशेबात शिरली. १८३३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार संपवला, पण तिच्या ६० लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड, लाभांश भारताच्या महसुलातून द्यायचे ठरले. भागधारकांना पुढे दुप्पट किमतीने, १ कोटी २० लाख पौंडांत, मोकळे करायचे होते. त्यासाठी कंपनीच्या व्यापारी मालमत्तेतून २० लाख पौंड त्याच राष्ट्रीय कर्ज आयुक्तांकडे चक्रवाढीने वाढण्यासाठी ठेवण्यात आले. पुणे, रत्नागिरी, खानदेश येथील शेतसारा तेव्हा मुंबई इलाख्याच्या महसुलात जमा होत होता, आणि लंडनमध्ये वाटल्या जाणाऱ्या या लाभांशात त्याचाही हिस्सा होता. वेल्सच्या त्या गणितज्ञाला जो तिऱ्हाईत सापडला नव्हता, तो कंपनीच्या भागधारकांना येथील रयतेच्या रूपाने मिळाला. १८५८ मध्ये कंपनीची कर्जेही भारताच्या माथी आली, आणि १८७४ मध्ये कंपनी विसर्जित झाली.

ब्रिटनमध्ये १८७५ साली व्याज व फेड मिळून दरसाल २ कोटी ८० लाख पौंडांची ठरीव तरतूद करणारा नवा सिंकिंग फंड आला. ३ टक्क्यांच्या जुन्या रोख्यांचे व्याज कमी करणे जमले ते त्यानंतर, १८८८ मध्ये. मुदत नसलेले शेवटचे रोखे जुलै २०१५ मध्ये फेडले गेले; त्याच वर्षी फेडलेल्या एका रोख्यात अठराव्या शतकातील काही कर्जांचेही अवशेष होते. या फेडीसाठी लागणारा पैसा कमी व्याजाच्या नव्या रोख्यांतून उभारला गेला.